जुना ट्रॅक्टर घेताना : सांगितलेली किंमत आणि पडणारी किंमत

ट्रॅक्टर ही आता शेतीतील चैनीची वस्तू राहिलेली नाही. बैलजोडी पोसणे दिवसेंदिवस कठीण झाले आहे, आणि नांगरट, पेरणी, मळणी ही कामे थोड्या दिवसांत उरकण्याची निकड वाढली आहे. त्यामुळे लहान व मध्यम शेतकरीही ट्रॅक्टरचा विचार करू लागले आहेत. नव्या ट्रॅक्टरची किंमत सर्वांनाच झेपते असे नाही. साहजिकच जुन्या ट्रॅक्टरकडे पुष्कळांचा ओढा असतो, व त्यात गैर असे काहीच नाही. नीट सांभाळलेला आठ-दहा वर्षांचा ट्रॅक्टर पुढे कित्येक वर्षे चांगले काम देतो. अडचण यंत्राच्या वयाची नसून व्यवहाराच्या रीतीची आहे.

विक्रेता जी किंमत सांगतो ती एक, आणि ट्रॅक्टर आपल्या नावावर होऊन आपल्या शिवारात काम करू लागेपर्यंत आपल्या खिशातून जी रक्कम जाते ती दुसरी. ह्या दोन रकमांत पडणारे अंतर कसे निर्माण होते व ते कोठे रोखता येते, हे शेतकरी बंधूंच्या व गावपातळीवरील कार्यकर्त्यांच्या ध्यानात आणून देण्याचा ह्या लेखात प्रयत्न केला आहे.

सांगितलेल्या किमतीचा हिशेब

उदाहरणादाखल एक व्यवहार घेऊ. आकडे केवळ हिशेबाच्या सोईसाठी धरलेले आहेत. ठिकाणपरत्वे ते कमीअधिक होतील. पंचेचाळीस अश्वशक्तीचा, नऊ वर्षे वापरलेला एक ट्रॅक्टर ३,२५,००० रुपयांस ठरला. इसार दिल्यावर दलाल आपल्या दलालीचे ५,००० रुपये मागतो. 'नावावर करून देण्याचा खर्च' म्हणून विक्रेता १२,००० रुपये ठोक सांगतो. विम्याची मुदत संपलेली निघते. त्याला ८,००० रुपये लागतात. कर्ज देणारी संस्था अर्जाच्या छाननीसाठी ६,००० रुपये व कर्जदाराच्या आयुर्विम्यासाठी ९,००० रुपये धरते. ट्रॅक्टर घरी आणण्याचे भाडे ४,००० रुपये होते. पहिल्याच नांगरटीत मागच्या टायरांची जोडी निकामी ठरते, तिचे ४०,००० रुपये. आणि क्लच व हायड्रॉलिक यांच्या दुरुस्तीचे २२,००० रुपये. एकूण बेरीज ४,३१,००० रुपये. म्हणजे ठरलेल्या किमतीवर १,०६,००० रुपये, जवळजवळ तिसरा हिस्सा, वर गेला. कर्जावरील व्याज ह्यात धरलेलेच नाही.

ह्यांतील कोणतीही एक रक्कम सुटी पाहिली तर ती फारशी अवाजवी वाटत नाही. विक्रीची खरी युक्ती येथेच असते. मोठी रक्कम आधी ठरवावयाची, आणि लहान लहान रकमा एकेक करून नंतर पुढे करावयाच्या. तोपर्यंत शेतकऱ्याचा इसार अडकलेला असतो, घरी बातमी गेलेली असते, आणि बारा हजारांसाठी सव्वातीन लाखांचा व्यवहार मोडावा असे कोणासही वाटत नाही. म्हणून इसार देण्यापूर्वी विक्रेत्यास एकच प्रश्न विचारावा : ट्रॅक्टर माझ्या नावावर होऊन माझ्या दारात उभा राहीपर्यंत तुम्हांला, दलालाला व तुमच्या इतर माणसांना मिळून एकूण किती द्यावयाचे? जे उत्तर मिळेल ते कागदावर लिहून घ्यावे व खाली त्याची सही घ्यावी. जो विक्रेता ह्या प्रश्नाचे उत्तर 'ते नंतर बघू' असे देतो, त्याच्या मनात नंतर बघावयाचे काहीतरी असते.

नावावर करण्याच्या खर्चाबाबत थोडे अधिक सांगणे अवश्य आहे, कारण सर्वांत जास्त गोंधळ येथे होतो. नोंदणी बदलण्याचे सरकारी शुल्क ठरलेले आहे, ते परिवहन खात्याकडे भरता येते, व त्याची पावती मिळते. एजंटाने धावपळ केली असेल तर त्याची मजुरी त्याला जरूर द्यावी; परंतु ती मजुरी म्हणून, शुल्क म्हणून नव्हे. 'सरकारी शुल्क पावतीप्रमाणे व एजंटाची मजुरी अमुक' असे दोन वेगळे आकडे मागितले की ठोक सांगितलेली रक्कम बहुधा आपोआप खाली येते. वाहनावर पूर्वीच्या मालकाचे दंडाचे चलान थकले असेल तर ते कोणी भरावयाचे, हेही त्याच वेळी ठरवावे.

किंमत ठरविताना नव्या ट्रॅक्टरची आजची किंमत हाताशी असू द्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून शेतीच्या ट्रॅक्टरवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, आणि ट्रॅक्टरचे टायर व सुटे भाग ह्यांवरील कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. नवा माल स्वस्त झाला की जुन्याची किंमतही त्या मानाने उतरली पाहिजे. परंतु कित्येक विक्रेते 'नवा घ्याल तर इतके पडतील' म्हणून जो आकडा सांगतात, तो कर कमी होण्यापूर्वीचा असतो. जवळच्या अधिकृत विक्रेत्याकडून त्याच अश्वशक्तीच्या नव्या ट्रॅक्टरचे लेखी दरपत्रक आणावे. त्यास पैसे पडत नाहीत.

बोलण्यातील युक्त्या

'काल एक गिऱ्हाईक दहा हजार जास्त देत होते', 'आज संध्याकाळपर्यंत इसार आला नाही तर गाडी जाईल', अशी वाक्ये ज्याने जुना ट्रॅक्टर पाहिला आहे त्याने ऐकलेली असतीलच. घाई करविणे हा ह्या धंद्यातील सर्वांत जुना व सर्वांत परिणामकारक उपाय होय. जे गिऱ्हाईक खरोखरच दहा हजार जास्त देत होते, त्याला ट्रॅक्टर का दिला नाही, एवढाच विचार करावा.

घाईचा हंगामही असतो. उसाच्या पट्ट्यात गळीत हंगाम तोंडावर आला म्हणजे वाहतुकीसाठी ट्रॅक्टरची मागणी एकदम चढते व भावही चढतात. हंगाम आटोपल्यावर बरेच ट्रॅक्टर विक्रीस येतात व भाव उतरतात. ह्या वेळी घेणे सोईचे खरे. मात्र दोन-दोन भरलेल्या ट्रॉल्या ओढून आलेल्या ट्रॅक्टरचे क्लच, ब्रेक व मागील धुऱ्याचा भाग अधिक बारकाईने पाहावा लागतो.

दुसरी युक्ती 'फुकट' वस्तूंची. ट्रॅक्टरबरोबर नांगर, फण किंवा ट्रॉली मोफत म्हणून दिली जाते व तिच्या मोबदल्यात ट्रॅक्टरची किंमत कमी करण्याचा विषय बंद होतो. नांगराचे ठीक आहे. ट्रॉलीचे तसे नाही. ट्रॉलीची स्वतंत्र नोंदणी असावी लागते, तिचा विमा लागतो. कागद नसलेली ट्रॉली फुकट मिळाली तरी ती रस्त्यावर काढता येत नाही, आणि काढली व अपघात झाला तर तिच्याइतकी महाग वस्तू दुसरी नाही.

इसाराविषयीही सावध असावे. इसार थोडा द्यावा. पावतीवर इंजिन क्रमांक, चासी क्रमांक, ठरलेली एकूण किंमत व 'कागदपत्रे तपासणीत बरोबर न निघाल्यास किंवा शेतात चालवून पाहता समाधानकारक न वाटल्यास इसार परत' असे शब्द लिहून घ्यावेत. असे शब्द नसले म्हणजे इसार बुडण्याच्या भीतीनेच पुष्कळ शेतकरी नापसंत यंत्र पदरात घेतात.

यंत्राची परीक्षा

रंग नवा दिसला म्हणून ट्रॅक्टर नवा होत नाही. तासांचे मीटर बदलता येते, तोडून ठेवता येते. म्हणून त्यावरील आकड्यास वयाची जोड देऊन पाहावे. नऊ वर्षांच्या ट्रॅक्टरवर १,८०० तास दाखविले असतील तर वर्षास २०० तास झाले. मालकाची जमीन थोडी असेल व त्याने भाड्याची कामे केली नसतील तर हे संभवते. ट्रॅक्टर मळणी व ऊस वाहतुकीवर होता असे शेजारी सांगत असतील तर संभवत नाही. मीटर खोटे बोलते तेव्हा लोखंड खरे बोलते. क्लच व ब्रेकच्या पायपट्ट्यांची झीज, मागील खालच्या ओढपट्ट्यांची भोके गोल राहिली आहेत की लांबट झाली आहेत, ट्रॉली जोडण्याच्या पट्टीची व पिनेची झीज, पीटीओच्या दांड्यावरील दातांची धार, ह्या जागा रंगाने झाकल्या जात नाहीत. टायरवर चार अंकांचा जो छाप असतो त्यात पहिले दोन अंक आठवड्याचे व शेवटचे दोन वर्षाचे असतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. टायरचे दात उंच दिसत असले व छाप जुना असला तर ते टायर रिमोल्ड केलेले असण्याचा संभव असतो. कडेच्या बाजूस बारीक भेगा आहेत का हेही पाहावे.

ट्रॅक्टर पाहावयास सकाळी जावे, आणि आगाऊ कळवून ठेवावे की इंजिन थंड असू द्या. पोहोचताच इंजिनावर हात ठेवून पाहावा. ते कोमट लागले तर आपण येण्यापूर्वी ते चालू करून ठेवले होते, म्हणजे थंडीत ते सहज सुरू होत नसावे, असे समजावे व दुसऱ्या दिवशी पुन्हा यावे. सुरू झाल्यावर क्षणभर धूर येणे स्वाभाविक आहे. तो टिकून राहिला तर त्याचा रंग पाहावा : निळसर धूर तेल जळत असल्याची खूण, दाट काळा धूर डिझेल जास्त जात असल्याची किंवा हवा कमी पडत असल्याची, आणि पांढरा धूर डिझेल नीट जळत नसल्याची अथवा पाणी आत जात असल्याची. इंजिन चालू असताना तेल भरण्याच्या झाकणातून वाफेसारखा जोराचा झोत येत असेल तर रिंगा व लायनर झिजल्या आहेत. हे काम खर्चाचे आहे. तेलाची पट्टी बाहेर काढून पाहावी. तेल दुधाळ दिसले तर त्यात पाणी मिसळले आहे. इंजिन थंड असतानाच रेडिएटरचे झाकण काढून पाण्यावर तेलाचा तवंग आहे काय ते पाहावे.

हायड्रॉलिक पाहण्याची रीत सोपी आहे. रोटाव्हेटर किंवा जड नांगर जोडून तो पूर्ण उचलावा व इंजिन बंद करावे. अवजार पाहता पाहता खाली येऊ लागले तर आतील सीलचे काम निघण्याचा पुष्कळ संभव असतो. पुढची चाके जॅकवर उचलून हाताने हलवून पाहिली म्हणजे किंगपिन व बुशांतील ढिलाई कळते. परंतु ह्या सर्वांपेक्षा मोठी परीक्षा म्हणजे ट्रॅक्टर नांगरास जुंपून तासभर शेतात चालविणे. अंगणात सुरेख आवाज देणारे इंजिन पाऊण तासात तापू लागते, गिअर निसटू लागतो, क्लच घसरू लागतो. डिझेल आपण द्यावे. पण शेतात चालवून पाहिल्याशिवाय किंमत बोलू नये. बरोबर आपला ओळखीचा मिस्त्री न्यावा व त्याची मजुरी आपण द्यावी. विक्रेत्याने सुचविलेल्या मिस्त्रीच्या मताचा उपयोग विक्रेत्यालाच अधिक होतो.

अश्वशक्तीच्या बाबतीत एक गोष्ट सांगावीशी वाटते. मध्यप्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय कृषियंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेत ट्रॅक्टरांच्या चाचण्या होतात व त्यांचे अहवाल प्रसिद्ध होतात. आपण घेऊ पाहत असलेल्या बनावटीची पीटीओवर प्रत्यक्ष किती शक्ती मिळाली व डिझेल किती लागले, हे त्यात दिलेले असते. विक्रेता इंजिनाची अश्वशक्ती सांगतो. रोटाव्हेटरला उपयोग पीटीओवरील शक्तीचा असतो.

कागदपत्रे : खरा धोका येथे आहे

इंजिन बिघडले तर दुरुस्त होते. कागद बिघडला तर ट्रॅक्टर दारात असूनही आपला होत नाही. म्हणून लेखकाच्या मते यंत्राच्या परीक्षेपूर्वी कागदांची परीक्षा व्हावी.

नोंदणी पुस्तिकेवरील इंजिन क्रमांक व चासी क्रमांक स्वतः ट्रॅक्टरवर शोधून पडताळावेत; त्यांवर कागद ठेवून शिसपेन्सिलीने घासून ठसा घ्यावा. आकड्यांभोवती घासल्याच्या वा पुन्हा ठोकल्याच्या खुणा दिसल्या तर तेथूनच परतावे. परिवहन खात्याच्या 'वाहन' ह्या संगणकीय नोंदीत, किंवा मोबाईलवरील 'एमपरिवहन' मधून, नोंदणीची व विम्याची मुदत आणि कर्जाचा बोजा ह्यांची माहिती मिळते. नोंदणी पंधरा वर्षांची असते. त्यानंतर तपासणी होऊन पाच पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. चौदा वर्षांचा ट्रॅक्टर स्वस्त वाटतो, पण वर्षभरात येणारा हा खर्च त्याच्या किमतीतून वजा केला पाहिजे. ट्रॅक्टर परराज्यातील असेल तर मूळ नोंदणी कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र (नमुना २८) पाहिल्याशिवाय एक रुपयाही देऊ नये. सरकारी अनुदानातून घेतलेला ट्रॅक्टर असेल तर तो ठराविक काळ न विकण्याचे हमीपत्र मूळ लाभार्थ्याने दिलेले असू शकते. तालुका कृषी अधिकाऱ्यांच्या कार्यालयात चौकशी करावी.

बोजा हा तर नेहमीचाच विषय. नोंदणीवर बँकेचे किंवा वित्तसंस्थेचे नाव असेल तर तिच्या लेखी संमतीवाचून मालकी बदलता येत नाही. 'दोनच हप्ते राहिले आहेत, तुमच्या पैशातून भरून टाकतो' असे विक्रेता सांगतो. त्याचे म्हणणे खरेही असेल. तरी पैसे त्याच्या हाती न देता आपण स्वतः त्याच्याबरोबर त्या संस्थेत जावे, थकबाकीचा लेखी आकडा घ्यावा, तेवढी रक्कम थेट त्याच्या कर्जखात्यात भरावी व उरलेली विक्रेत्यास द्यावी. कर्ज फिटल्यावर संस्थेकडून ना-हरकत पत्र व नमुना ३५ सहीशिक्क्यानिशी घ्यावा.

आता कोऱ्या सह्यांची गोष्ट. मालकी बदलण्यासाठी विक्रेत्याने नमुना २९ व दोघांनी नमुना ३० भरून द्यावयाचा असतो. पुष्कळ ठिकाणी मूळ मालकाकडून ह्या नमुन्यांवर कोऱ्या सह्या घेतल्या जातात व ट्रॅक्टर एका हातातून दुसऱ्या, दुसऱ्यातून तिसऱ्या हातात जातो. नोंद मात्र पहिल्याच्याच नावावर राहते. 'ओपन लेटर'वर घ्या, नावावर करण्याचा खर्च वाचतो, असे खरेदीदारास सांगण्यात येते. हा वाचलेला खर्च फार महाग पडतो. मूळ मालक मधल्या काळात मृत्यू पावला तर त्याच्या त्या सहीचा उपयोग संपतो; वारसांना शोधून, नमुना ३१ प्रमाणे आधी त्यांच्या नावावर नोंद करवून मगच पुढचा व्यवहार होऊ शकतो, आणि वारसांपैकी एकानेही अडवणूक केली तरी काम खोळंबते. ट्रॅक्टर चोरीस गेला किंवा जळाला तर विमा कंपनीपुढे आपण मालक म्हणून उभे राहू शकत नाही.

विकणाऱ्याचा धोका तर ह्याहूनही मोठा आहे, आणि जुना ट्रॅक्टर विकणाराही शेतकरीच असतो. मोटार वाहन अधिनियम, १९८८ प्रमाणे ज्याचे नाव नोंदणीत आहे तो मालक. एक गाडी एकामागून एक अनेक हातांत विकली गेली होती, नोंद मात्र पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली होती. तिच्या हातून झालेल्या अपघाताची भरपाई नोंदणीकृत मालकानेच द्यावयाची, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये दिला. तीन वर्षांपूर्वी पैसे घेऊन ज्या ट्रॅक्टरचा विषय आपण विसरून गेलो, त्याने कोठेतरी रात्री बिनदिव्याच्या ट्रॉलीने कोणाचा जीव घेतला, व नोटीस आपल्या घरी आली, असे होऊ शकते. भरपाईची रक्कम लाखांत असते. ती देण्यास घर व जमीन ह्यांखेरीज शेतकऱ्याजवळ दुसरे काय असते?

ह्याच अधिनियमाप्रमाणे विक्रेत्याने राज्यातल्या राज्यात झालेली विक्री चौदा दिवसांत व खरेदीदाराने तीस दिवसांत नोंदणी कार्यालयास कळवावयाची असते. दोघांनी एकाच दिवशी जाऊन अर्ज करणे सर्वांत उत्तम. हल्ली बरेच काम संगणकावर होते. अर्जाचा क्रमांक व पोच दोघांजवळ असावी. विम्याच्या कंपनीस खरेदीदाराने चौदा दिवसांत कळवून विमा आपल्या नावावर करून घ्यावा. तोपर्यंत आपल्या ट्रॅक्टरच्या नुकसानीची भरपाई मिळेल असे धरून चालू नये. विमा शेतीकामापुरता असेल व आपण भाड्याची वाहतूक करणार असू, तर त्या वापरासाठी तो चालतो काय हे विमा घेतानाच विचारावे. मजुरांना ट्रॉलीतून नेण्याचे तर टाळावेच.

जुन्या वाहनांचा धंदा करणाऱ्या विक्रेत्यांसाठी १ एप्रिल २०२३ पासून एक चांगली व्यवस्था झालेली आहे, पण ती गावात फारशी माहीत नाही. अशा विक्रेत्याने नोंदणी अधिकाऱ्याकडून अधिकारपत्र घ्यावयाचे असते. मालकाने ट्रॅक्टर त्याच्या ताब्यात देताना नमुना २९-क प्रमाणे संगणकावरून कळविले म्हणजे तो पुढे विकला जाईपर्यंत विक्रेता हाच मालक समजला जातो, व त्या काळातील जबाबदारी त्याच्यावर येते. इंग्रजी अक्षरक्रमात हा नमुना 'सी' म्हणून ओळखला जातो. अधिकारपत्र दाखविण्यास सांगितले असता जो विक्रेता विषय बदलतो, त्याच्याकडे ट्रॅक्टर ठेवणे म्हणजे आपले नाव दुसऱ्याच्या हाती ठेवणे होय.

कर्ज व व्याज

जुन्या ट्रॅक्टरला कर्ज मिळते, पण विक्रेत्यामार्फत आलेले कर्ज नेहमीच स्वस्त नसते. तो हप्ता सांगतो, दर सांगत नाही; सांगितला तर 'बारा टक्के' एवढेच म्हणतो. बारा टक्के कशावर, हे विचारावे. समजा, ३,००,००० रुपये तीन वर्षांसाठी घेतले व सहामाही सहा हप्त्यांनी फेडावयाचे आहेत. व्याज सपाट, म्हणजे फ्लॅट, असेल तर दरसाल ३६,००० प्रमाणे तीन वर्षांचे १,०८,००० रुपये होतात, व प्रत्येक हप्ता ६८,००० रुपयांचा पडतो. तेच बारा टक्के घटत्या शिलकेवर असतील तर हप्ता सुमारे ६१,००० रुपयांचा व एकूण व्याज सुमारे ६६,००० रुपये होते. दर तोच, फरक बेचाळीस हजारांचा. मुद्दल दर सहामाहीस कमी होत असता पहिल्या दिवसाच्या रकमेवरच शेवटपर्यंत व्याज धरणे ही सपाट दराची रीत आहे. खऱ्या अर्थाने तो दर एकोणीस टक्क्यांच्या घरात जातो.

ह्यावर उपाय आता हातात आहे. रिझर्व्ह बँकेच्या आदेशाप्रमाणे १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका, सहकारी बँका व वित्तसंस्था ह्यांनी अशा कर्जासाठी एक मुख्य तथ्य विवरणपत्र कर्जदारास समजेल अशा भाषेत द्यावयाचे असते. छाननीचा खर्च, विम्याचा हप्ता, कायदेशीर खर्च हे सर्व धरून वर्षास खरा दर किती टक्के पडतो, तो एकच आकडा त्यात असतो. दोन संस्थांची तुलना त्याच आकड्यावरून करावी. विवरणपत्रात नसलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीवाचून लावता येत नाही. म्हणून विवरणपत्र वाचल्याशिवाय एकाही कागदावर सही करू नये, व कोऱ्या कागदावर तर कधीच नाही.

हप्ते थकल्यामुळे वित्तसंस्थांनी ओढून आणलेल्या ट्रॅक्टरांचे लिलावही होतात. तेथे किंमत कमी असते हे खरे. परंतु माल 'जसा आहे, जेथे आहे' ह्या अटीवर विकला जातो. शेतात चालवून पाहू देत नाहीत, कधी इंजिनही चालू करू देत नाहीत. बोलीच्या रकमेवर लिलाव शुल्क, यार्डातील जागाभाडे, थकलेला विमा असे आकार लागू शकतात. बोलीपूर्वी अटींचा कागद वाचून हे आकार किंमतीत मिळवावेत, व नोंदणीचे कागद किती दिवसांत मिळतील हे लेखी घ्यावे. कागदांवाचून यार्डातून आणलेला ट्रॅक्टर पाऊसभर झाडाखाली उभा राहिलेला दिसतो.

येथे थोडे विषयांतर करून एक सुचवावेसे वाटते. पाच एकरांचा शेतकरी वर्षास ट्रॅक्टरचे किती तास काम करवून घेतो, व गावच्या भाड्याने त्याचे किती रुपये होतात, हे मागील दोन वर्षांच्या नोंदींवरून काढावे. ती रक्कम वरील हप्त्याच्या निम्मीही भरत नसेल तर ट्रॅक्टर स्वस्त मिळतो की महाग, हा प्रश्न शिल्लकच राहत नाही. अवजार बँकेकडून किंवा शेजाऱ्याकडून भाड्याने काम करविणे अधिक हिताचे. गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी हा हिशेब शेतकऱ्याच्या ओसरीवर बसून त्याच्या घरच्या मंडळींसमक्ष करून द्यावा. हप्ता शेवटी सर्वांनी मिळूनच फेडावयाचा असतो.

ताबा घेताना

ताबा घेण्याच्या दिवशी तारखेसह वेळही लिहिलेली पावती दोघांनी करावी व दोन साक्षीदारांच्या सह्या घ्याव्यात. सकाळी झालेल्या अपघाताची जबाबदारी कोणाची, हा वाद संध्याकाळच्या ताब्यावरूनच सुटतो. रक्कम शक्य तो बँकेतून द्यावी. रोख दिली तर प्रत्येक रकमेची, दलालीचीसुद्धा, पावती घ्यावी. किल्ल्या, नोंदणी पुस्तिका, विमापत्र व पूर्वीच्या दुरुस्त्यांची बिले त्याच वेळी घ्यावीत.

इतके करूनही व्यापारी विक्रेत्याने फसविले तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दाद मागता येते. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः राबविण्यास घेतलेले यंत्र हे व्यापारी खरेदी ठरत नाही, त्यामुळे शेतकऱ्यास तेथे उभे राहता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या किमतीच्या व्यवहाराच्या तक्रारीस शुल्क नाही, आणि ती कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. तक्रारीबरोबर इसाराची पावती, ठरलेल्या एकूण किमतीचा सही केलेला कागद, मिस्त्रीचा लेखी अभिप्राय व दुरुस्तीची बिले जोडावीत. दुसऱ्या शेतकऱ्याकडून परस्पर घेतलेल्या ट्रॅक्टरला मात्र ही सोय लागू पडत नाही. तेथे दिवाणी न्यायालयाची वाट धरावी लागते, व म्हणून अशा व्यवहारात शेतात चालवून पाहण्यास तासाऐवजी सबंध दिवस मागून घ्यावा.